सेवापुस्तकातली उंची : मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि एक दबलेला मणका

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे 'बाई'च म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवतो. त्यांना विचारूनच लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोळा वर्षं मी त्यांचा फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे पुढे जे चुकलं असं म्हणेन त्यातला मोठा वाटा माझाच आहे.

प्रकरण सुरू झालं तेव्हा बाईंचं वय ६४, वजन ५२ किलो. मधुमेह १४ वर्षांचा, पाळी ४६व्या वर्षी गेलेली. साखरेसाठी दिवसातून दोनदा एकच गोळी, पण त्या एका गोळीत तीन औषधं : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. आपल्याकडे अशा 'थ्री-इन-वन' गोळ्या सर्रास चालतात. स्वस्त पडतात, लक्षात राहतात, साखरही छान खाली येते. बाईंची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.५ होती. माझ्या वहीतल्या चांगल्या आकड्यांपैकी एक. शिवाय पित्तासाठी पॅन्टोप्राझोलची गोळी, 'सकाळी उठल्यावर' म्हणून कधीतरी सुरू झालेली आणि कोणीच न थांबवलेली.

त्याच्या दीड वर्ष आधी त्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १५८ आलं होतं. मी अटोर्व्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ. ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, 'स्टॅटिन' गटातली गोळी सुरू केली. बाहेर बारा-पंधरा पेशंट बसलेले. त्या घाईत म्हणालो, "बाई, दूध-तूप, शेंगदाणे, खोबरं, तेलकट सगळं बंद करा." एवढंच. पुढे काय खायचं ते सांगितलं नाही.

शिक्षिकेला सांगितलेलं ती कसं पाळते हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तक्रार

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ओल्या कपड्यांची बादली उचलताना बाईंच्या पाठीत कळ आली. बरगडीखालून पुढे पोटाकडे येणारी. दोन दिवस घरच्यांनी गॅस समजून ओवा-हिंग दिलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. मी पोट तपासलं, ईसीजी काढला, हृदयाचं काही नाही याची खात्री केली आणि स्नायू आखडला असेल म्हणून मलम, वेदनाशामक गोळ्या आणि गरम शेक सांगितला. पाठीच्या कण्यावर बोट ठेवून एकेक मणका दाबून पाहिला नाही. तेवढं केलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

तीन आठवड्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं : "डॉक्टर, आईंना रात्री कुशीवर वळवत नाही. आणि हल्ली त्यांची साडी लांब पडायला लागलीय, निऱ्या पायात येतात."

मी बाईंना चपला काढून दाराच्या चौकटीपाशी उभं केलं. उंची भरली १४९.५ सें.मी. पण आधीची किती होती? सोळा वर्षांच्या माझ्या कागदांत वजन पन्नास वेळा लिहिलेलं होतं, उंची एकदाही नाही. बाईच म्हणाल्या, "माझ्या सेवापुस्तकात असेल की." दुसऱ्या दिवशी मुलगा दुय्यम सेवापुस्तक घेऊन आला, पिवळ्या पडलेल्या कव्हराचं, सुती दोऱ्याने बांधलेलं. पहिल्याच पानावर ओळखीच्या खुणांच्या वर, निळ्या शाईत : उंची १५४ सें.मी.

साडेचार सेंटिमीटर. वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या झिजून उंची थोडी कमी होतेच, पण चार सेंटिमीटरांहून जास्त घट दिसली की मणका दबलाय का हे बघावंच लागतं. पाठीचा बाजूने एक्स-रे काढला. बारावा छातीचा मणका पुढच्या बाजूने एक-तृतीयांश बसलेला, पाचरीसारखा. आणि वरती आठवाही थोडा दबलेला, जुना, ज्याची बाईंना कधी कळही आठवत नव्हती. यात नवल काही नाही. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर्स अशीच गुपचूप होतात, लोक 'वयाची पाठदुखी' म्हणून सोडून देतात.

त्याच फिल्मवर आणखी एक गोष्ट होती. कण्याच्या पुढे, महारोहिणीच्या भिंतीवर खडूने ओढल्यासारखी तुटक पांढरी रेघ, म्हणजे रक्तवाहिनीत साठलेला चुना. रिपोर्टात तिचा उल्लेख एका ओळीत होता आणि ती ओळ वाचायची राहून जाणं सहज शक्य होतं. मला ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे : जिथे चुना हवा तिथे काळपट विरळ सावली आणि जिथे नको तिथे पांढरी रेघ. हाडातला चुना उठून धमनीत जाऊन बसतो इतकं ते सरळ नसतं. पण धमनी कडक होणं आणि हाड ठिसूळ होणं ही दोन्ही एकाच माणसात बरोबर सापडतात, मधुमेहात तर फारच.

खरा पेच

जिल्ह्याच्या ठिकाणी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. खुब्याच्या मानेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे १.९, कमरेच्या मणक्यांचा उणे १.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं थोडी विरळ. तिथल्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि कमरेला पट्टा देऊन वर्षाने यायला सांगितलं. खरं सांगायचं तर रिपोर्ट बघून मलाही क्षणभर हायसं वाटलं.

ते हायसं वाटणंच धोक्याचं होतं.

टाइप २ मधुमेहात हाडांची घनता बऱ्याचदा बरी दिसते, कधी कधी बिनमधुमेही माणसापेक्षा जास्तही भरते, आणि तरी हाडं जास्त मोडतात. मशीन हाडात चुना किती हे मोजतं, हाड किती चिवट आहे हे मोजत नाही. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे, त्यात कोलॅजेनचे धागे असतात, भिंतीतल्या सळ्यांसारखे. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते, त्यांच्यात नको तिथे गाठी पडतात आणि धागा लवायचा सोडून तुटतो. जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं, त्यामुळे बारीक तडे तसेच राहतात. म्हणून मधुमेही माणसाचा उणे २.० हा आकडा साधारण दुसऱ्याच्या उणे २.५ इतका धरावा लागतो. कमरेच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण वयाने मणक्यांना आलेली टोकं आणि पुढ्यातल्या धमनीतला चुना हे दोन्ही त्या मोजणीत जमा होतात. बाईंच्या बाबतीत तेच झालं होतं.

आणि या सगळ्याच्या वरचा मुद्दा : बादली उचलताना मणका दबला, तिथेच ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालं. आकडा काहीही असो.

मग मी त्यांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि घरात खाण्याबद्दल काही लिहून ठेवलं असेल तर तेही आणायला सांगितलं. बाईंनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टांगलेला, वळणदार अक्षरात मथळा : 'कोलेस्टेरॉल – वर्ज्य'. खाली यादी. दूध, दही, ताक, तूप, शेंगदाणे, तीळ, खोबरं, अंडी, मासे, पनीर. प्रत्येकासमोर छोटी लाल फुली.

दीड वर्ष त्या काळा चहा, दोन ज्वारीच्या भाकरी, पालेभाजी आणि पातळ वरण यांवर होत्या. मी ढोबळ हिशेब केला : दिवसाला कॅल्शियम ३५० मि.ग्रॅ.च्या आसपास, प्रथिनं ३५ ग्रॅम. पाळी गेलेल्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार कॅल्शियम १२०० मि.ग्रॅ. हवं. आणि त्या यादीतल्या तीन पदार्थांत, शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्यात, कोलेस्टेरॉल नावालाही नसतं. ते फक्त प्राणिजन्य अन्नात असतं. खोबऱ्यातली चरबी घट्ट प्रकारची म्हणून बेतानं खावी, एवढं खरं. पण तीळ आणि शेंगदाणे माझ्या घाईपायी गेले होते.

पाकिटांत अटोर्व्हास्टॅटिन नव्हतीच. आठ महिन्यांपूर्वी मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, म्हणून बाईंनी ती थांबवली होती. त्याच सुमारास फोनवर कोणीतरी पाठवलं होतं की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. मला सांगितलं नाही. का, तर "तुम्हाला वाईट वाटेल." नव्या तपासणीत एलडीएल १६४, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८.

तपासण्या

मणका दबला की कारण शोधायचंच, वय झालं म्हणून थांबायचं नाही. हिमोग्लोबिन, ईएसआर आणि रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी केली, कारण मल्टिपल मायलोमा हा कर्करोग अशाच पाठदुखीचं सोंग घेऊन येतो. तो नव्हता. थायरॉइड नीट होती. ती तपासणं दोन्ही अंगांनी गरजेचं, कारण कमी थायरॉइडने एलडीएल वाढतं आणि थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर हाड झिजतं.

ड जीवनसत्त्व मात्र ११ आणि बी-१२ १६८, दोन्ही कमी. अंगणात उन्हं असणाऱ्या गावात ड ११! पण बाई सकाळी सातला आत गेल्या की संध्याकाळीच बाहेर येत. बी-१२ कमी होण्यामागे १४ वर्षांचं मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी, दोन्हींचा हात असणार. तळपायांची संवेदना तपासली तर अंगठ्यांपाशी कमी झालेली. म्हणजे पाय कुठे पडतोय हे पायालाच नीट कळत नव्हतं.

मग सूनबाईंनी आणखी एक आठवण काढली. श्रावणात पहाटे साडेतीनला बाथरूमला जाताना बाई भिंत धरून खाली बसल्या होत्या, अंग घामाने चिंब. 'चक्कर आली' म्हणून गूळ-पाणी दिलं, बऱ्या झाल्या. ती साखर उतरली होती. माझ्या वहीतला तो छान ६.५ असा मिळत होता.

कोलेस्टेरॉलचा आणि हाडाचा संबंध काय

बाईंनी हा प्रश्न स्वतःच विचारला, आणि त्यांच्या पुढच्या निर्णयाला उत्तराची गरज होती, म्हणून इथे जरा थांबतो.

हाडाच्या आत मगज असतो. तिथल्या एकाच मूळ पेशीपासून हाड बांधणारी पेशीही होते आणि चरबीची पेशीही. वय, पाळी जाणं, मधुमेह, या सगळ्यांनी पारडं चरबीकडे झुकतं. ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल त्याच दिशेने ढकलतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, आणि तिथून एलडीएल चढायला आणि हाड झिजायला जवळपास एकाच वेळी सुरुवात होते. दोघांचं मूळ एक, म्हणून दोन्ही बरोबर दिसतात. पण माणसांवरचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. एचडीएलला आपण 'चांगलं' म्हणतो, तर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या निरोगी वृद्धांच्या पाहणीत एचडीएल सर्वांत जास्त असलेल्या गटात फ्रॅक्चर सुमारे एक-तृतीयांश जास्त निघाली. तेव्हा लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, रिपोर्टवरून हाडांचं भविष्य सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नये.

स्टॅटिनने हाडं ठिसूळ होतात का? नेहमीच्या डोसने होतात असं दिसलेलं नाही. उलट १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात स्टॅटिनने हाड वाढलं, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. माणसांत ती फळली नाही : रोसुव्हास्टॅटिनच्या 'ज्युपिटर' चाचणीत, १७,८०२ लोकांत, फ्रॅक्चर ना कमी झाली ना वाढली. त्यात मधुमेही नव्हते, हे लक्षात ठेवलेलं बरं. म्हणून मी बाईंना म्हणालो, "ही गोळी हृदयासाठी आणि मेंदूसाठी. हाडाचं ती बिघडवणार नाही, सुधारणारही नाही."

एक गंमत वाटावी अशी गोष्ट मात्र खरी आहे. यकृतात कोलेस्टेरॉल ज्या रासायनिक वाटेने बनतं, तीच वाट हाड कुरतडणाऱ्या पेशींतही असते. पाटाच्या पाण्याला वरच्या अंगाला एक दार आणि खालच्या अंगाला दुसरं, तसं. स्टॅटिन वरचं दार लावते. हाडांसाठी दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड खालचं दार लावतं, तेही हाडात जाऊन बसल्यामुळे नेमकं तिथेच. स्टॅटिन बहुतेक यकृतातच अडकते, हाडापर्यंत फारशी पोहोचत नाही. तिचा हाडाला उपयोग न होण्यामागे हे एक कारण मानतात. बाईंना पाट आणि दारं लगेच कळली. त्यांच्या माहेरी उसाला पाणी पाटाचंच.

समोर असलेले पर्याय

साखरेच्या बाबतीत पहिला प्रश्न पायोग्लिटाझोनचा. हे औषध त्याच मूळ पेशीला चरबीकडे वळवतं आणि बायकांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण वाढवतं, हे या गटाच्या औषधांबद्दल २००६पासून माहीत आहे. यकृतावरच्या चरबीसाठी त्याचा उपयोग आहे, तेव्हा ते सगळ्यांसाठीच वाईट असं मी म्हणणार नाही. पण पाळी गेलेल्या, मणका दबलेल्या बाईला ते चालू ठेवायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. त्याजागी काय? डॅपाग्लिफ्लोझिनचा विचार केला. मूत्रपिंड आणि हृदयासाठी ते उत्तम, पण पाणी उत्सर्जित होऊन उभं राहताना चक्कर येऊ शकते, आणि त्याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१७च्या चाचणीत फ्रॅक्चर वाढल्याचं दिसलं होतं. बाईंची लघवीतली अल्ब्युमिन नॉर्मल, हृदय नीट. वजन उतरवणारी इंजेक्शनं ५२ किलोच्या बाईला नकोतच. सिटाग्लिप्टिन हाडांच्या बाबतीत तटस्थ, साखर एकदम पाडत नाही, आता जेनेरिक मिळते. ती निवडली.

हाडाच्या औषधांत चार वाटा होत्या. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी स्वस्त, पण रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास ताठ बसायचं, आणि बाईंना आधीच घशाशी जळजळ. टेरिपॅराटाइड नवं हाड बांधतं, दोन मणके दबलेल्या माणसाला खरं तर पहिला मान त्याचा; रोज एक टोचणी, दोन वर्षांपर्यंत, आणि खर्च पेन्शनला झेपणारा नाही. मुलगा म्हणाला, "करू काहीतरी." बाईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. डेनोसुमॅब सहा महिन्यांनी एकदा, पण एखादा डोस चुकला तर मणके एकामागून एक दबण्याचा धोका. आमच्याकडे ऊस, लग्नं आणि पूर यांत तारखा चुकतात. उरलं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मि.ग्रॅ., वर्षातून एकदा सलाइनमधून. त्यासाठी मूत्रपिंडाचं रक्त गाळायचं प्रमाण मिनिटाला किमान ३५ मि.ली. हवं. बाईंचं हिशेबाने ५२ आलं.

मी त्यांना टेरिपॅराटाइडकडे वळवायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. तेव्हा मी त्यांचा निर्णय मानला.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता. ड जीवनसत्त्व ११ असताना झोलेड्रॉनिक दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. म्हणून आधी आठ आठवडे ६०,००० युनिटची आठवड्याला एक पुडी, बी-१२ची इंजेक्शनं आणि खाणं. हे दोन महिने सूनबाईंना फार लांब वाटले. "मणका मोडलाय आणि आपण दूध पाजत बसलोय," असं त्या एकदा म्हणाल्याही. त्यांचं म्हणणं मला समजत होतं.

पुठ्ठा बाईंनीच उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नवी यादी लिहिली. साय काढलेलं दूध दोन पेले, दुपारी वाटीभर दही, सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी, तिळाची चटणी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, आठवड्यातून चार अंडी, गुरुवार सोडून. तूप वरणावर चमचाभर. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, पण आंबिलीची वाटी म्हणजे काही १०० ग्रॅम नाचणी नव्हे, हे बाईंना तागडीवर मोजून दाखवलं. उरलेल्या तुटीसाठी जेवणाबरोबर ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी, जास्त नाही.

थ्री-इन-वन बंद. मेटफॉर्मिन वेगळी, सिटाग्लिप्टिन वेगळी, ग्लिमेपिराइड आधी अर्धी आणि महिन्याने बंद. बाईंना सांगितलं की आता आपलं लक्ष्य ७ ते ७.५. त्यांना ते मार्क कमी झाल्यासारखं वाटलं, समजवायला दोन भेटी गेल्या. पित्ताची गोळीही हळूहळू सोडवली.

स्टॅटिन लगेच सुरू केली नाही. मांड्यांचं दुखणं आणि उठताना हात टेकणं हे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचंही लक्षण असतं. स्नायूंना इजा झाली का हे सांगणारं रक्तातलं सीपीके नॉर्मल होतं. पुड्यांच्या सहाव्या आठवड्यात बाई हात न टेकता खुर्चीतून उठल्या, तेव्हा रोसुव्हास्टॅटिन ५ मि.ग्रॅ. सुरू केली, महिन्याने १०. मांड्या दुखल्या नाहीत. आधीचं दुखणं स्टॅटिनचं की ड जीवनसत्त्वाचं, हे आता कळायला मार्ग नाही. धमनीतली ती पांढरी रेघ आणि १४ वर्षांचा मधुमेह बघता एलडीएल ७०च्या खाली आणायचं ठरवलं होतं. तीन महिन्यांनी ८९ आलं, म्हणून एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडली.

घरातही बदल केले. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा, दाराशी धरायला दांडी, लांब दांड्याचा झाडू, बादली अर्धीच. बाई योगवर्गाला जात. तिथली पुढे वाकायची आसनं बंद करायला सांगितली, कारण दबलेल्या मणक्यांवर पुढे वाकण्याचा ताण सर्वांत वाईट. त्याजागी ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठबस आणि सकाळी नदीकाठी चालणं.

काय झालं

पुड्या संपल्यावर ड ३४ आलं आणि फेब्रुवारीत पहिलं झोलेड्रॉनिक दिलं. त्या रात्री ताप १०१, अंग ठेचल्यासारखं. पहिल्या डोसनंतर असं होतं हे मी बाईंना सांगितलं होतं, घरातल्यांना नाही. रात्री अकराला सूनबाईंचा घाबरलेला फोन आला. पॅरासिटामॉलने दोन दिवसांत उतरलं.

पाठीची कळ मार्चपर्यंत ओसरली. दीड वर्षाने आज नवं फ्रॅक्चर नाही, पहाटेची चक्कर नाही, पडणं नाही. एचबीए१सी ७.२, एलडीएल ६८, ट्रायग्लिसराइड १५०च्या आत. खुब्याचा टी-स्कोअर उणे १.९वरून उणे १.७, एवढा फरक यंत्राच्या चुकीतही बसू शकतो, म्हणून त्याचा मी फार गाजावाजा केला नाही. उंची १४९.५ आहे तिथेच आहे. गेलेली उंची परत येत नाही. पाठीला आलेला किंचित बाकही तसाच आहे, आणि नातवाला कडेवर घ्यायचं नाही हे बाईंना अजून जड जातं.

दुसरा डोस दोन महिने लांबला. दाढ काढायची होती, आणि या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून यायला क्वचित त्रास होतो. दातांची तपासणी पहिल्या डोसच्या आधीच करून घ्यायला हवी होती, ती राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ते वाक्य. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून खाणं सांगताना 'हे बंद करा' याच्यापुढे 'याऐवजी हे खा' असं लिहून दिल्याशिवाय आता मी पेशंटला उठू देत नाही. मधुमेही माणसाच्या ताटातून भात, साखर, बटाटा आधीच गेलेला असतो. त्यात कोलेस्टेरॉलच्या नावाने दूध, दाणे, अंडी गेली की ताटात उरतं काय?

पन्नाशीपुढच्या प्रत्येक मधुमेही बाईची उंची दरवर्षी मोजायला हवी होती. चौकटीवर टेप चिकटवायला पाच रुपये लागतात. थ्री-इन-वन लिहिताना तिसरं नाव कोणतं आणि ते या माणसाला चालतं का, हे दर वेळी बघायला हवं होतं. पाळी गेल्याची नोंद आणि पायोग्लिटाझोनची नोंद माझ्याच कागदावर समोरासमोर होती. ६.५ बघून खूष होण्याआधी 'रात्री घाम येतो का' हे विचारायला हवं होतं. पाठदुखीला मलम देण्याआधी मणक्यांवर बोट फिरवायला हवं होतं.

स्टॅटिन बंद केल्याचं बाईंनी सांगितलं नाही, यात त्यांचा दोष मी धरत नाही. औषध सोडलं तर डॉक्टर रागावतात असं त्यांना वाटत होतं आणि तसं वाटायला मी कधीतरी जागा दिली असणार. आता मी 'गोळ्या नीट घेता ना?' असं विचारत नाही. 'यातली कुठली नकोशी वाटते?' असं विचारतो. उत्तरं वेगळी येतात.

गेल्या महिन्यात बाई धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. वय ५९, मधुमेह नऊ वर्षं, एलडीएल १४८, पाठ 'अधूनमधून' दुखते. पिशवीतून पाकिटं काढली, तर गोळीत तिसरं नाव तेच. मी टेपकडे वळलो तोवर बाईंनी बहिणीला चौकटीपाशी नेऊन चपला काढायला लावल्या होत्या, आणि टाचा भिंतीला टेकल्यात का ते त्या वाकून न बघता, गुडघ्यावर बसून बघत होत्या.